मानेवर उठलेला पट्टा आणि धानातला किडा

धान कापणीला आला की आमच्या भागात दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या मानेवर, गालावर नाहीतर पाठीवर लाल पट्टा उठतो. त्यावर बारीक पुळ्या येतात, आग आग होते, आणि बघणारी माणसं बघताक्षणी ठरवून टाकतात, नागीण आहे. उरलेली म्हणतात, कोळी मुतला. लग्न होऊन भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात आले तेव्हापासून मी हे ऐकत आले. गेल्या हंगामात तो पट्टा माझ्याच मानेवर उठला. त्यातून जाताना जे कळलं ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण जिथे जिथे धान आहे तिथे तिथे बायामाणसं या आगीवर भलतेच उपाय करत बसतात आणि वर घाबरून जातात.

आमचं घर गावाच्या टोकाला. मागचं दार उघडलं की समोर बांध्या, म्हणजे धानाची शेतं. दिवाळी आटोपली होती, लवकर येणारा हलका धान घरात आला होता, उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी सुरू होती. काही बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, काही ठिकाणी त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचलेले. पुंजण्यावर रानडुकरं येतात, मोकाट गुरं येतात, म्हणून परसातली ट्यूबलाइट रात्रभर चालू असायची. थंडी अजून धरली नव्हती. खिडकी उघडी ठेवून मी उशिरापर्यंत शाळेच्या वह्या तपासत बसायची आणि तिथेच खाटेवर अंग टाकायची. एका रात्री मानेवर काहीतरी वळवळलं आणि झोपेतच हात फिरला, एवढंच आठवतं.

सकाळी काही नव्हतं. ना दुखलं, ना खाजलं. शाळेत दिवस गेला. संध्याकाळी नळावर तोंड धुताना पाणी मानेला लागलं आणि मिरची कुटलेला हात तिथून फिरावा तशी आग उठली. आरशात पाहिलं तर फिकट लाल रेघ दिसत होती. घामोळं असेल म्हणून खोबरेल तेल लावलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघेचा पट्टा झाला होता. डाव्या कानाखालून निघून, गळ्यावरून आडवा, उजव्या गळपट्टीच्या हाडापर्यंत. रुंदी करंगळीएवढी. कडा सुजून वर आलेल्या, आणि मधोमध पांढरट पिवळ्या पुळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या, मोहरीपेक्षाही बारीक. ब्लाउजचा काठ तिथे टेकला तरी डोळ्यांत पाणी यायचं. डाव्या हाताच्या कोपरात आतल्या बाजूलाही असाच डाग होता, पण तिकडे तेव्हा माझं नीट लक्ष गेलं नाही.

सासूबाईंनी खिडकीशी नेऊन, मान वर करून बघितलं.

“बाई, नागीण आहे हे. तोंड कोणतं अन् शेपटी कोणती ते पाहू दे आधी.”

“आई, काल तर काहीच नव्हतं.”

“नागीण अशीच येते. दोन्ही टोकं मिळाली का माणूस हातचा जाते. तू शाळेत नको जाऊ आज.”

नवरा म्हणाला, कोळी फिरला असेल अंगावरून. त्यावर दोघांचं थोडं वाजलं. सासूबाई मात्र तेवढ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जाऊन दुर्वा खुडून आल्या, भिजवलेल्या तांदळासोबत पाट्यावर वाटल्या आणि थरथरत्या हातानं माझ्या मानेवर लेप दिला. त्यांच्या थोरल्या जावेला नागीण झाली होती, ती महिनोन्‌महिने दुखण्यानं रात्रभर बसून असायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांची भीती खरी होती. लेप ओला होता तोवर थंड वाटला. वाळला तशी कातडी ओढू लागली आणि आग दुप्पट झाली, मग मीच तो हळूहळू पाण्यानं सोडवला.

दुपारी साकोलीत औषधांच्या दुकानात मान दाखवली. काउंटरवरच्या मुलानं एक नजर टाकली आणि नागिणीच्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवली. सोबत तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमाची ट्यूब. कधीपासून आहे, आधी दुखत होतं का, ताप आहे का, काही विचारलं नाही. मी ते तिथेच ठेवून भंडाऱ्याची बस धरली. शिकलेली, पगारदार बाई म्हणून मला ते जमलं. ज्यांची मजुरी बुडते त्या बाया त्याच गोळ्या नि तीच ट्यूब घेऊन घरी जातात, हे मला फार लागतं.

भंडाऱ्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मान पाहिली, पण त्यांचं खरं लक्ष गेलं कोपराकडे. हात सरळ करायला सांगितला. कोपराच्या वळीच्या वर एक डाग, खाली एक डाग, दोन्ही सारख्याच आकाराचे. मग हात दुमडायला सांगितला. दोन्ही डाग एकमेकांवर बरोब्बर बसले. एका बाजूचं विष हात दुमडल्यावर समोरच्या कातडीला लागतं आणि तिथेही तसाच ठसा उमटतो, त्या म्हणाल्या. मांडीच्या आत, काखेत, मानेच्या वळीत असे जोडीचे डाग दिसले की त्यांना फार शोधावं लागत नाही.

मग त्यांनी विचारलं, “घर शेताला लागून आहे का? धानाचं शेत? रात्री दिवा चालू असतो?”

मी हो म्हणाले तसं त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. “हा बघितलाय कधी?”

बघितला होता. शंभरदा बघितला होता. भिंतीवर, उशीवर, जेवताना ताटाच्या कडेला. कुठलीशी मुंगी म्हणून सोडून दिला होता.

हा पेडेरस. भुंगेऱ्यांच्या ज्या मोठ्या कुळात पंखांवरचं कवच आखूड असतं आणि पोट उघडं राहतं, त्या कुळातला. तो चावत नाही, त्याला नांगी नाही, अंगावरून नुसता चालत गेला तर काही होत नाही. त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं. किडा चिरडला की ते बाहेर येतं आणि बोटानं किंवा हातानं जिथवर पुसलं जाईल तिथवर कातडीला लागतं. म्हणून पट्टा. माझा झोपेतला हात जसा फिरला तशीच्या तशी ती रेघ होती. पेडेरिन पेशींमधलं प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतं, त्यामुळे लागलं त्या क्षणी काहीच कळत नाही. बारा तास, कधी दीड-दोन दिवस जातात, मग कातडी लाल होते आणि पुळ्या येतात. किडा अंगावर कधी आला आणि आग कधी झाली यांचा मेळच लागत नाही, आणि आरोप जातो तो पाली-कोळ्यांवर.

नागीण वेगळी कशी, हेही त्यांनी बसवून समजावलं. लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात, त्यांचाच विषाणू नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून राहतो आणि पुढे कधीतरी त्या नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला राहते, मधली रेषा सहसा ओलांडत नाही. पुळ्या येण्याच्या आधी दोन-तीन दिवस त्या भागात ठणका, चमक, जळजळ असते. माझा पट्टा डावीकडून उजवीकडे गेलेला, आणि आधी कणभरही दुखलं नव्हतं. खरी नागीण असेल तर गोळ्या लवकर सुरू कराव्या लागतात, तिथे लेपात दिवस घालवणं धोक्याचं. म्हणजे दोन्हीकडून डॉक्टरला दाखवायलाच हवं.

उपचार साधा होता. जागा साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवायची. थंड पाण्यात भिजवलेली सुती फडकी दिवसातून काही वेळा ठेवायची. स्टेरॉइडचं एक मलम थोडेच दिवस, पातळ थर, पट्ट्यापुरतं. रात्री खाज आणि झोपेसाठी एक गोळी. पुळ्या फोडायच्या नाहीत. ताप आला, पू वाढला, लाली पट्ट्याबाहेर पसरली तर परत यायचं. आणि घरी जाऊन उशीचा अभ्रा, पांघरूण, त्या रात्रीचे कपडे धुवायचे, नखं कापायची.

तरी पुढचे दोन-तीन दिवस वाईटच गेले. मान वळवता यायची नाही. पुळ्या एकमेकींत मिसळून पिवळट पट्टा झाला, मग वरची कातडी करड्या पापुद्र्यासारखी सुटायला लागली. खाटेवर उजव्या कुशीला टेकले की उजवं हाड, डाव्या कुशीला टेकले की कान. ओली फडकी बदलायला सासूबाई रात्री उठायच्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी त्यांना शब्दन्‌शब्द सांगितलं होतं, कोपराचा ठसाही दुमडून दाखवला होता. त्यांनी तो दोनदा बघितला आणि दुर्वांचं नाव पुन्हा काढलं नाही.

शाळेत गेले तेव्हा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी पदर तोंडाला लावून विचारलं, “बाई, हे लागते तं नाही जी आमाले?” नाही लागत. पुळीतल्या पाण्यात ते विष नसतं. एकाचा पट्टा दुसऱ्याला होत नाही, आणि स्वतःच्या अंगावरही त्या पाण्यानं पसरत नाही. लागतं ते फक्त किडा चिरडला तेव्हाचं ताजं विष, हाताला असेल तर. हे मी ताईंना सांगितलं, आणि त्याच आठवड्यात माझ्याच घरात ते खरं ठरलं.

माझी मुलगी दुसरीत आहे. अंगणात खेळता खेळता तिनं हातावरचा किडा चापट मारून मारला आणि डोळा चोळला. तिनं येऊन सांगितलं म्हणून कळलं, हे माझं नशीब. लगेच मोरीवर नेऊन तिचे हात साबणानं धुतले, डोळ्यात साध्या पाण्याची संथ धार कितीतरी वेळ धरली. ती रडत होती, मी धरून होते. तरी दुसऱ्या दिवशी पापणी सुजून डोळा जवळजवळ मिटला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळ तपासलं, ते ठीक होतं. थेंब दिले, काही दिवसांत सूज उतरली. केनियात या प्रकाराला ‘नैरोबी आय’ म्हणतात हे तिथेच समजलं. माझ्या मानेचं मी सोसलं. तिचा तो डोळा आठवला की अजून पोटात कालवतं. डोळ्याच्या बाबतीत घरच्या घरी धुवून भागलं असं समजू नये, डॉक्टरला दाखवावंच.

मान जरा सैल झाल्यावर मी त्या किड्याला शोधायला बसले. फार शोधावं लागलं नाही. दिवेलागणीनंतर ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर तो होता. लांबी जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर. डोकं काळं. त्यामागचा भाग नारिंगी, मग पंखांवरचं आखूड कवच, निळसर हिरवं आणि धातूसारखं चमकणारं. त्याच्यामागे पोटाचा मोठा भाग पुन्हा नारिंगी आणि टोक काळं. उडण्यापेक्षा पळण्यावर भर, आणि पळतानाही थांबत थांबत. कागदाची कड जवळ नेली तशी त्यानं पोटाचं टोक वर उचललं. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की मुंगीशी गल्लत होत नाही, मुंगीला हे रंगांचे पट्टे नसतात. त्याला कागदावर चढू दिलं, कागद झाकणाच्या बाटलीत झटकला आणि गावात आलेल्या कृषी सहायकांना नेऊन दाखवला.

ते बाटली हातात घेऊन म्हणाले, “मॅडम, हा तर आपला माणूस.”

त्यांनी पुढे जे सांगितलं त्यानं माझा त्या किड्याकडे बघायचा डोळाच बदलला. धानावर तपकिरी तुडतुडे पडतात, बुंध्याशी बसून रस पितात, आणि बांधीत गोल गोल चट्टे पडून उभा धान वाळतो. आमच्या घरानं एका वर्षी तो फटका खाल्लेला आहे. हा पेडेरस त्या तुडतुड्यांना आणि बारीक अळ्यांना खातो. ओल्या मातीत अंडी घालतो, पाणथळ धानात त्याचं सगळं आयुष्य जातं. विष तो शिकारीसाठी वापरत नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं, ते विष मुळात त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात, तेही माद्यांच्या अंगात. मादी ते अंड्यांत उतरवते आणि त्यामुळे ‘लांडगा कोळी’ म्हणतात त्या कोळ्यांसारखे शिकारी त्याच्या अळीला तोंड लावत नाहीत. म्हणजे आमच्याकडे ज्या कोळ्यावर आळ येतो, तोच या विषाला घाबरून असतो.

कापणी झाली, बांधी सुकली, की त्याचं घर मोडतं. मग तो उजेडाकडे येतो. नेमका याच दिवसांत आमच्या परसात रात्रभर पांढरा दिवा.

हे फक्त आमचं नाही. 2022 च्या जुलैमध्ये सिक्कीममध्ये एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातली बरीच मुलं याच किड्यानं भाजली होती, उत्तर बंगालमध्येही लोक दवाखान्यात गेले, आणि बातम्यांनी त्याला ‘अ‍ॅसिड फ्लाय’ म्हणून देशभर पोचवलं. केनियात 1998 साली एल निनोच्या मुसळधार पावसानंतर त्याची मोठी लाट आली होती. पाऊस जास्त, ओल जास्त, किडे जास्त. आमच्याकडे मात्र पाऊस, पीक, कापणी आणि दिवा या चौघांचं गणित दरवर्षी जमतं, त्यासाठी लाट यावी लागत नाही.

कातडी भाजणारा आणखी एक भुंगेरा आमच्या धुऱ्यांवर असतो, तोही इथेच सांगते, कारण मुलं त्याला हातात घेतात. धुऱ्यावरच्या तुरीच्या, नाहीतर भेंडीच्या, जास्वंदीच्या फुलांवर बसलेला, काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेला, चांगला इंचभर लांब. दाबला की त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर तेलकट थेंब सुटतो, त्यात कँथरिडिन असतं. ते वेगळं विष. त्याचा पट्टा उठत नाही, पाण्यानं भरलेला टचटचीत फोड येतो, काही तासांत येतो आणि दिसतो त्या मानानं दुखतो कमी. हे द्रव्य पियेर रोबिके या फ्रेंच रसायनज्ञानं 1810 मध्ये वेगळं केलं. 2023 मध्ये अमेरिकेत मोलस्कम या कातडीच्या आजारावर त्याचं औषध मंजूर झालं, पण ते डॉक्टरांच्या हातून, मोजून. पोटात गेलं तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून या भुंगेऱ्यांची पूड औषधात घालण्याचे जे उद्योग कानावर येतात त्यांच्या नादी लागू नये.

माझ्या मानेवरची कातडी दोन-अडीच आठवड्यांत भरून आली. मागे तपकिरी डाग राहिला. उन्हात जाताना पदर मानेवरून घ्यायचा, हे डॉक्टरांनी बजावलं होतं, नाहीतर तो आणखी गडद होतो. काही महिने तो तसाच होता, आता फिकट झाला आहे. लोक अजून विचारतात, नागीण बरी झाली का? प्रत्येकाला मी कोपर दुमडून दाखवते.

शाळेत मुलांना त्याचं चित्र काढून दाखवलं, रंग भरायला लावले. अंगावर दिसला तर मारायचा नाही, पुसायचा नाही, फुंकर मारायची किंवा कागदावर चढू द्यायचा. चुकून चिरडला तर डोळ्याला हात न लावता आधी साबणाकडे धावायचं. पोरं हे घरी जाऊन मोठ्यांना शिकवतात, आणि मोठी माणसं माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

घरात बदल केले ते थोडेच. दिवेलागणीच्या आत खिडक्या बंद, आणि खिडक्यांना बारीक जाळी. मच्छरदाणी गादीखाली खोचून, अंथरूण झटकूनच झोपायचं. खाटेच्या वर दिवा नको. वह्या मी आता पुढच्या खोलीत तपासते.

परसातल्या दिव्यावरून मात्र बरीच चर्चा झाली. शेजारचे काकाजी फवारणीतून उरलेलं औषध घेऊन आले होते, भिंतीवर मारून देतो म्हणाले, एकही किडा राहणार नाही. मी हात जोडले. ज्या भिंतीला टेकून मुलं बसतात तिथे शेतातलं विष मारायचं, आणि तेही तुडतुडे खाणाऱ्या किड्यावर? धानात सरसकट फवारण्या झाल्या की आधी हेच मरतात, मग तुडतुड्यांना रान मोकळं मिळतं, हे कृषी सहायकांनी काकाजींना त्यांच्याच बांधीवर उभं राहून समजावलं. डुकरांसाठी उजेड तर हवाच होता. शेवटी नवऱ्यानं आणि काकाजींनी मिळून पुंजण्यांपलीकडे, घरापासून लांब एक बल्ली रोवली आणि दिवा तिकडे नेला, पांढरा काढून पिवळा लावला. घराच्या भिंतीवर अजूनही एखाद-दुसरा दिसतोच. सासूबाई त्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदावर घेतात आणि धुऱ्यावर नेऊन सोडतात.